घरगुती साबणातील रंग आणि सुगंध : अल्कधर्मी माध्यमाची कसोटी

प्रस्तावना

हळदीचा डाग पडलेले वस्त्र साबणाने धुवू लागताच तो डाग पिवळा न राहता तांबडा होतो, आणि वस्त्र स्वच्छ पाण्यातून काढून उन्हात वाळविले की फिकट पिवळा होत होत नाहीसा होतो, हा अनुभव महाराष्ट्रात घरोघरी आहे. मुका मार लागला असता लावावयाचा हळद-चुन्याचा लेप लालसर दिसतो, त्याचेही कारण तेच. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लधर्मी व उदासीन माध्यमात पिवळे, तर अल्कधर्मी माध्यमात तांबूस-तपकिरी असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अल्क ओळखण्यासाठी एकेकाळी हळदीचा कागद वापरला जात असे तो याच गुणधर्मामुळे. असे असूनही घरगुती साबणाच्या कृतींमध्ये 'पिवळ्या रंगासाठी हळद, गुलाबी रंगासाठी बीट, सुवासासाठी गुलाबपाकळ्या' असे सहजपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात वडी तपकिरी उतरते, सुवास महिनाभरात विरतो आणि दोष हाताच्या कौशल्यावर ढकलला जातो.

'कमवा व शिका' योजना, महिला विकास कक्ष, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, परिसरातील महिला बचत गट अशा अनेक निमित्तांनी साबणनिर्मितीचे प्रशिक्षण महाविद्यालयांच्या आवारात होत असते. भांडवल अल्प, साहित्य सुलभ आणि वस्तू नित्याच्या गरजेची, त्यामुळे हा उपक्रम लोकप्रिय झाला यात नवल नाही. तथापि शिकलेली व्यक्ती ती वडी पुढे विकते, आणि विकत घेणारा ती अंगाला लावतो. म्हणून रंग आणि सुगंध हा केवळ सजावटीचा भाग मानून चालत नाही. साबणाचे मिश्रण तीव्र अल्कधर्मी असते. त्यात घातलेले प्रत्येक द्रव्य त्या माध्यमात टिकते की मोडते, आणि टिकले तर त्वचेवर काय करते, या दोन प्रश्नांवरच त्याची निवड व्हावयास हवी. प्रचलित निवड मात्र 'नैसर्गिक की रासायनिक' या तिसऱ्याच प्रश्नावर होते. त्या प्रश्नाने पहिल्या दोहोंचे उत्तर मिळत नाही, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

मिश्रणाचे स्वरूप

घरगुती साबणाची सर्वाधिक रूढ पद्धत म्हणजे शीत प्रक्रिया. उदाहरणादाखल ५०० ग्रॅम खोबरेल, ४०० ग्रॅम शेंगदाणा तेल व १०० ग्रॅम एरंडेल असे एक किलो तेल घेतल्यास, त्यांच्या साबणीकरण मूल्यांनुसार (दर ग्रॅमला अनुक्रमे ०.१८३, ०.१३६ व ०.१२८ ग्रॅम) सुमारे १५९ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक राहावे म्हणून तो १५१ ग्रॅमवर आणला जातो आणि सुमारे ३२० ग्रॅम पाण्यात विरघळवून, निवल्यावर, तेलात मिसळला जातो. सोडा नेहमी पाण्यात घालावयाचा, पाणी सोड्यावर ओतावयाचे नाही. आणि भांडे ॲल्युमिनियमचे चालत नाही, कारण कॉस्टिक सोड्याशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे आवश्यकच.

ढवळता ढवळता मिश्रण आळू लागते आणि चमच्यावरून सोडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते. याच टप्प्यावर रंग व सुगंध घातले जातात, आणि नेमकी हीच वेळ त्यांच्यासाठी कसोटीची असते. साबणीकरण या क्षणी अपुरे असते. मिश्रणात मोकळा सोडा असतो व सामू १३ च्या आसपास असतो. पुढील एकदोन दिवसांत क्रिया बहुतांशी पूर्ण होते. चार ते सहा आठवडे वाळल्यानंतर वडीचा सामू ९ ते १०.५ च्या दरम्यान स्थिरावतो. चांगला मुरलेला साबणही अल्कधर्मीच असतो. घातलेल्या द्रव्याला म्हणून दोन परीक्षा द्याव्या लागतात : आरंभीची एक-दोन दिवसांची तीव्र, आणि नंतरची सौम्य पण वडी संपेपर्यंत चालणारी.

उष्ण प्रक्रियेत मिश्रण शिजवून साबणीकरण आधी पूर्ण केले जाते व मग सुगंध मिसळला जातो. त्यामुळे पहिली परीक्षा टळते, पण गरम लगद्यातून हलके सुवास उडून जातात. बाजारात मिळणारा, वितळवून साच्यात ओतावयाचा तयार साबण घेतल्यास अल्काचा प्रश्न सौम्य होतो. कार्यशाळांतील पुष्कळसे आकर्षक नमुने या तिसऱ्या प्रकारचे असतात, आणि तेथील यश पाहून तीच द्रव्ये शीत प्रक्रियेत वापरणाऱ्याची फसगत होते.

रंग : काय टिकते, काय बदलते

स्वयंपाकघरातील बहुतेक लाल, जांभळे व निळे रंग दोन गटांतील आहेत. जास्वंद, गोकर्ण, जांभूळ व आमसूल यांतील रंग अँथोसायनिन वर्गाचा. बीटाचा रंग बीटालेन वर्गाचा. अँथोसायनिन आम्लात लाल, सौम्य अल्कात निळसर-हिरवे आणि तीव्र अल्कात पिवळे होते. या शेवटच्या टप्प्यात रेणूचे वलयच उघडते. बीटाचा रंगही अल्कात मोडून पिवळसर व पुढे तपकिरी होतो. किती प्रमाणात घातले किंवा किती ताजे घेतले याला येथे महत्त्व नाही. कोकणात तर एकाच फळात हा विरोध पाहावयास मिळतो : कोकमाच्या सालीचा सुंदर लाल रस साबणात मातकट होतो, परंतु त्याच फळाच्या बीचे, भेगाळलेल्या टाचांना लावले जाणारे भिरंडेल वडीला कठीणपणा देणारे उत्तम द्रव्य ठरते.

हळदीचे वर्तन यापेक्षा थोडे निराळे. ताज्या मिश्रणात ती विटकरी लाल दिसते. वडी मुरताना सामू उतरतो, काही कर्क्युमिन विघटित होते आणि रंग नारिंगी-सोनेरी छटेवर येतो. ही छटा अनेकांना आवडते. मात्र कर्क्युमिन प्रकाशातही टिकत नाही, त्यामुळे खिडकीजवळ मांडलेल्या वडीची उजेडाकडील बाजू आधी फिकी पडते. कडुनिंब, तुळस वा पालक यांचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. अल्कात हरितद्रव्याची शेपटीसारखी साखळी तुटते, पण हिरवेपणा काही काळ राहतो. उजेडात मात्र तो थोड्याच आठवड्यांत पिवळट-तपकिरी होतो. बाजारातील कडुनिंबाच्या साबणाचा टवटवीत हिरवा रंग पाल्याचाच असतो, हा समज म्हणून तपासून घेण्याजोगा आहे.

याउलट काही वनस्पतिज रंग अल्काला पुरून उरतात. शेंदरीच्या बिया कोमट तेलात भिजवल्या की तेल केशरी होते. त्यातील बिक्सिन या द्रव्याचा ईस्टर भाग सोड्यामुळे तुटतो खरा, पण रंग देणारी दुहेरी बंधांची लांब साखळी अबाधित राहते. म्हणजे रेणू बदलूनही रंग तसाच राहतो. रतनजोतीचे मूळ तेलाला गडद लाल रंग देते आणि तेच तेल सोड्याच्या संपर्कात जांभळे-निळे होते. येथेही बदल होतो, पण तो बदललेला रंगच हवासा असतो. मंजिष्ठेच्या मुळीतून गुलाबी-जांभळट छटा मिळतात. पारंपरिक निळीच्या झाडापासून मिळणारा रंग तर पाण्यात वा तेलात विरघळतच नाही. तो बारीक कणांच्या रूपाने वडीत पसरतो आणि टिकून राहतो.

'नीळ' या शब्दाबाबत सावधगिरी हवी. कपड्यांसाठी पूर्वी सर्रास मिळणारी पुडीतील नीळ ही वनस्पतिज नसून अल्ट्रामरीन हे खनिज-स्वरूपाचे रंगद्रव्य होते. अल्ट्रामरीन अल्कात अगदी स्थिर असते, आम्लात मात्र मोडते व कुजक्या अंड्यासारखा वास सोडते. सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध केलेले अल्ट्रामरीन साबणात निळ्या व जांभळ्या रंगांसाठी वापरले जाते. धुलाईसाठी विकली जाणारी पुडी किंवा द्रवरूप नीळ त्याऐवजी वापरणे योग्य नव्हे.

शब्दसाधर्म्याने याहून गंभीर घोटाळा होऊ शकतो. शेंदरी ही वनस्पती. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. झाडाला नाव मिळाले ते बियांच्या शेंदरासारख्या रंगावरून, एवढाच दोहोंचा संबंध. शेंदूर विषारी आहे. पाऱ्याचे संयुग असलेला हिंगूळही तसाच. बाजारातील कुंकू हळदीचेच असेल याची खात्री देता येत नाही, आणि रंगपंचमीच्या रंगांत काय असते हे पुडीवर बहुधा लिहिलेले नसते. यांपैकी एकही पदार्थ साबणात जाता कामा नये. देवघरातील वस्तू म्हणून त्या निर्धोक, ही समजूत प्रशिक्षण देणाऱ्याने पहिल्याच दिवशी दूर केलेली बरी.

गेरू, पिवळी माती, मुलतानी माती व कोळसा ही खनिज वा खनिजसदृश द्रव्ये अल्क, उष्णता व प्रकाश या तिन्हींत टिकतात. दर किलो तेलास एक ते दोन चहाचे चमचे पुरतात. ती आधी थोड्या तेलात खलून घ्यावीत, अन्यथा ठिपके राहतात. गेरूचा रंग आयर्न ऑक्साइडचा. परंतु खाणीतून आलेल्या गेरूत आर्सेनिक व शिसे यांचे अंश असू शकतात. म्हणूनच अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत सौंदर्यप्रसाधनांसाठीचे आयर्न ऑक्साइड कृत्रिमरीत्या तयार केलेलेच असावे अशी अट आहे. मातीतून उचललेल्या गेरूपेक्षा कारखान्यात बनलेला 'गेरू' त्वचेला अधिक निर्धोक ठरतो, हे 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबणाऱ्यांना खटकेल. पण वस्तुस्थिती तशी आहे. खाद्यरंगांविषयी इतकेच सांगणे पुरे की ते पाण्यात विरघळतात, त्यामुळे फेसात आणि टॉवेलवर उतरतात, आणि त्यांपैकी काही अल्कात वा उजेडात बदलतात.

सुगंध : रेणूंचा स्वभाव

सुगंधाच्या बाबतीत पहिला गैरसमज प्रमाणाचा. दिवाळीच्या उटण्यातील नागरमोथा, वाळा, गुलाबकळी, कपूरकाचरी यांची पूड साबणात घातली म्हणजे उटण्याचा दरवळ साबणाला येईल अशी अपेक्षा असते. नागरमोथ्यात बाष्पनशील तेलाचे प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर. दहा ग्रॅम पुडीतून फार तर दशांश ग्रॅम तेल मिळणार. एक किलो तेलाच्या साबणाला सुवास यावा यासाठी सामान्यतः २० ते ३० ग्रॅम सुगंधी तेल लागते. पुडीने वडी तपकिरी व खरखरीत होते, वास जवळजवळ येत नाही. उटणे सुगंधी वाटते ते कोरडे असते, त्याचे प्रमाण मोठे असते आणि ते ताजे कालवून लगेच लावले जाते म्हणून. गुलाबपाकळ्याही अल्कात काही दिवसांतच काळपट पडतात. वडीवर त्या हव्याच असतील तर वाळल्यावर वरून चिकटवण्यावाचून गत्यंतर नाही.

सुगंधी तेल वापरल्यावरही सगळे वास सारखे टिकत नाहीत. त्यातील घटक अल्कोहोल, ईस्टर, अल्डिहाइड वा फिनॉल यांपैकी कोणत्या वर्गातील आहेत, यावर बरेचसे अवलंबून असते. मोगऱ्याच्या सुवासात बेंझिल ॲसिटेट या ईस्टरचा मोठा वाटा आहे. सोड्याशी गाठ पडताच ईस्टर तुटतो. बेंझिल अल्कोहोल उरते, त्याला वास अगदीच मंद. तेलाचे साबण होणे हीदेखील ईस्टर तुटण्याचीच क्रिया आहे, तेव्हा त्याच भांड्यात मोगऱ्याचा ईस्टर वाचेल अशी अपेक्षा करणे चूक. लव्हेंडरमधील लिनालिल ॲसिटेटचेही असेच होते, मात्र त्यातून निघणारे लिनालूल स्वतः सुगंधी असल्याने लव्हेंडर पूर्णपणे हरवत नाही, केवळ त्याची छटा बदलते.

चंदन, वाळा आणि पाच यांच्या तेलांत प्रामुख्याने जड अल्कोहोले व हायड्रोकार्बने असतात. अल्क त्यांना फारसा त्रास देत नाही आणि ती सावकाश उडतात. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची युरोपकडे होणारी निर्यात अडली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने चंदनाचे तेल स्वतः काढावयास आरंभ केला आणि बंगळुरूच्या सरकारी साबण कारखान्यातून चंदनाचा साबण तयार होऊ लागला. त्या साबणाच्या कीर्तीत रसायनाचाही भाग आहे : हाती असलेला सुगंध साबणात टिकणारा होता. आज शुद्ध चंदनतेल घरगुती उत्पादकाच्या आवाक्याबाहेर आहे, आणि स्वस्तात मिळणारे 'चंदन' हे बहुधा संमिश्रण असते.

गुलाबाच्या बाबतीत महाराष्ट्राच्या जवळचा पर्याय आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. खानदेश व निमाड या भागांत वाढणाऱ्या रोशा गवताच्या तेलात मात्र जिरॅनिऑल हे गुलाबाच्याच वासाचे अल्कोहोल सुमारे ७५ ते ८० टक्के असते. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून अरबस्तानमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपच्या बाजारात त्याला 'तुर्की जिरेनियम तेल' असे दिशाभूल करणारे नाव मिळाले. अत्तरात जी भेसळ ठरली, ती साबणात उत्तम निवड ठरते, कारण जिरॅनिऑल अल्कात टिकते.

गवती चहाच्या तेलातील सिट्राल हे अल्डिहाइड आहे. त्याचा काही अंश अल्कात बदलतो व वडी पिवळसर होते, तरी वास पुष्कळ उरतो. व्हॅनिलाच्या वासातील व्हॅनिलिन वडीला हमखास तपकिरी करते. तो दोष मानण्याऐवजी रंगाची योजनाच त्यानुसार करावी. लिंबू-संत्र्याच्या सालीचे तेल मुख्यत्वे लिमोनीनचे. अल्क त्याला काही करत नाही, पण ते इतके हलके की मुरण्याच्या काळातच बरेचसे उडून जाते. वाळा किंवा पाच यांच्या जड तेलाची जोड दिल्यास हा वेग काहीसा मंदावतो. लवंगतेलातील युजेनॉल हा फिनॉल. त्याची सोड्याशी क्रिया होते आणि मिश्रण पाहता पाहता घट्ट होऊन भांड्यातच बसते. लवंग वापरावयाचीच असेल तर अत्यल्प, आणि साचे आधी मांडून.

त्वचा, वेष्टन आणि कायदा

वरील विवेचनात जिरॅनिऑल, लिनालूल, सिट्राल, लिमोनीन व युजेनॉल ही नावे आली. ही सर्व वनस्पतींत आढळणारी द्रव्ये, आणि ही सर्व काही व्यक्तींच्या त्वचेवर ॲलर्जी निर्माण करू शकतात. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशान्वये अशा २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली. धुऊन टाकावयाच्या प्रसाधनात त्यांचे प्रमाण ०.०१ टक्क्याहून अधिक असल्यास वेष्टनावर त्यांचा नामोल्लेख बंधनकारक झाला. २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या पुढे गेली. एक किलो तेलाच्या वर दिलेल्या प्रमाणात २० ग्रॅम रोशा तेल घातले, तर त्यातील जिरॅनिऑल वडीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास येते. म्हणजे त्या मर्यादेच्या शंभरपट. यावरून रोशा तेल त्याज्य ठरत नाही. मर्यादा वापराची नसून नामोल्लेखाची आहे. परंतु 'पूर्णतः नैसर्गिक, त्वचेला निर्धोक' असे वेष्टनावर छापण्यास आधार उरत नाही, हे निश्चित. लिमोनीन व लिनालूल यांच्या बाबतीत हवेशी संयोग होऊन तयार होणारी द्रव्ये मूळ द्रव्यांपेक्षा अधिक ॲलर्जीकारक असतात. वर्षानुवर्षे अर्धवट भरलेल्या बाटलीतील तेल म्हणूनच टाकून द्यावे. दालचिनीच्या सालीचे तेल तर घरगुती साबणात न वापरलेलेच बरे.

'केमिकल-फ्री' हा शब्दप्रयोग याहून निराधार आहे, कारण कॉस्टिक सोड्यावाचून साबणाची वडीच होत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यातील सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून पूर्वी साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकण्यात आली. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये विक्रीसाठी उत्पादन करावयाचे तर राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. रंगासाठी शिसे वा आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे, आणि वेष्टनावर खोटे वा दिशाभूल करणारे विधान असल्यास कायद्याच्या कलम १७-सी नुसार ते प्रसाधन चुकीच्या छापाचे ठरते. प्रदर्शनात मांडलेल्या दहा-वीस वड्यांच्या संदर्भात ही तरतूद जड वाटेल. तरीही विक्रीचे प्रशिक्षण देताना ती न सांगणे हे शिकणाऱ्यावर अन्याय करणारे आहे, कारण पुढे जबाबदारी तिच्या एकटीच्या नावावर येते.

नमुन्यांची पडताळणी

नवीन रंग वा सुगंध थेट मोठ्या घाणीत घालू नये. त्याचा अंदाज घेण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दोनशे ग्रॅम तेलाची लहान घाणी करावी, तिचे तीन तुकडे करून एक उजेडाच्या खिडकीत, एक बंद कपाटात आणि एक मेणकागदात गुंडाळून ठेवावा. तारीख, तेलांची वजने, द्रव्याचे नाव व पुरवठादाराचा तुकडी क्रमांक वहीत नोंदवावा. दर आठवड्याला तिन्हींचा रंग व वास पाहून एका ओळीची नोंद करावी. वास पाहणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी आणि तिला तुकडा कोणता हे आधी सांगू नये. खिडकीतील तुकडा फिकटला व कपाटातील तसाच राहिला, तर दोष प्रकाशाचा. दोन्ही एकदमच बदलले, तर अल्काचा. उघड्या तुकड्याचा वास गेला आणि गुंडाळलेल्याचा राहिला, तर द्रव्य उडून जाणारे. तिन्हींचा गेला, तर ते बहुधा पहिल्याच दिवशी भांड्यात मोडलेले. सहा आठवड्यांनी पांढऱ्या रुमालावर ओली वडी घासून रंग उतरतो का ते पाहावे. अशी वही दोन-तीन वर्षे चालली, तर रसायनशास्त्राच्या पदवी वर्गाला प्रकल्पासाठी आणि बचत गटाला उत्पादनासाठी एकच सामग्री उपलब्ध होते.